सूचना वही

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सूचना वही फिरू लागते. ज्यांनी माध्यमिक शाळेत आठ-दहा वर्षे काढली आहेत, मग ती बाकावर असोत की फळ्यापाशी, त्यांना ही वही वेगळी ओळख करून सांगावी लागणार नाही. जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची, कोपरे झिजलेली. आत सूचनेचा क्रमांक, दिनांक, मजकूर आणि खाली इयत्ता-तुकडीनुसार शिक्षकांच्या सह्यांच्या रांगा. शिपाईमामा ती छातीशी धरून वर्गाच्या दारात उभे राहतात, चालू वाक्य अर्धवट थांबते, शिक्षक सूचना मोठ्याने वाचून सही करतात आणि वही शेजारच्या वर्गाकडे जाते. आता पालकांच्या मोबाइलवर सगळे निरोप त्याच दिवशी पोहोचतात, तरीही आमच्या मुख्याध्यापकांनी वही बंद केली नाही आणि त्याचे मला समाधान वाटते. एकाच वर्गातील पन्नास मुले एकाच वेळी एकच वाक्य कान देऊन ऐकतात, असे प्रसंग शाळेत तरी आता किती उरले आहेत?

कृष्णाकाठच्या एका गावातील माध्यमिक विद्यालयात मी तेवीस वर्षे मराठी शिकवते आहे आणि गेली अकरा वर्षे उपक्रमांची जबाबदारी माझ्याकडे आहे. म्हणजे त्या वहीतील बऱ्याच सूचना माझ्या अक्षरातील आहेत. दुसऱ्या सत्राचे नियोजन करताना जुनी पाने चाळण्याची मला सवय आहे, कारण गेल्या वर्षी काय केले आणि कसे केले हे तिथे दिनांकासह सापडते. या वर्षी ती पाने चाळताना एक गोष्ट मनात अधिक स्पष्ट झाली आणि तीच या लेखात मांडायची आहे: शाळेने समाजासाठी काही करायचे ठरवले, तर ज्यांच्यासाठी करायचे त्यांनाही त्या कामात काही करण्याची, सांगण्याची आणि देण्याची जागा असली पाहिजे. ती जागा ठेवली नाही तर काय होते, हे मी माझ्याच वर्गात पाहिले आहे.

दुसरे सत्र हे मुळातच दिनविशेषांचे सत्र असते. 26 नोव्हेंबरला संविधान दिन, 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन, 20 डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी, 22 डिसेंबरला गणित दिन, 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, मग प्रजासत्ताक दिन, 30 जानेवारीला कुष्ठरोग निवारणाची प्रतिज्ञा, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. त्यातच क्रीडा स्पर्धा, तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन, स्नेहसंमेलन आणि दहावीच्या सराव परीक्षा. नियोजनाच्या सभेत ही यादी फळ्यावर उतरली की प्रत्येक दिवसापुढे एकेका शिक्षकाचे नाव लिहिले जाते आणि सभा संपते. प्रतिमापूजन, दोन भाषणे, एक गीत, आभार. यात वाईट काही नाही; मुलांना बोलण्याची सवय होते आणि मोठ्या माणसांची नावे कानावर पडतात. परंतु गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला हातात नवा खराटा घेऊन अंगण झाडणारी मुले मी जितक्या वर्षांत पाहिली, तितक्याच वर्षांत दुसऱ्या दिवशी त्याच अंगणातला कचरा ओलांडून वर्गात जाणारी मुलेही पाहिली आहेत. दिवस साजरा होतो आणि काम तसेच राहते, याची खंत मला नेहमी वाटत आली आहे.

आमच्या भागात या सत्राला शाळेच्या वेळापत्रकाबाहेरचेही एक वेळापत्रक असते आणि ते साखर कारखान्याच्या भोंग्यावर चालते. गळीत हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव अशा जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्यालगतच्या मोकळ्या रानात आठवड्याभरात कोप्यांचे गाव उभे राहते. बांबू वाकवून त्यावर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, किंवा ताडपत्री टाकलेली, आत वाकूनच जावे लागेल अशी ती घरे. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात, आणि हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्याने पाच-सहा महिन्यांत टनावर फेडायची असते. एखाद्या दिवशी आजारपणाने किंवा अडचणीने कामावर जाता आले नाही तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे त्या उचलीतच चढतात. पहाटे अंधारात बैलांच्या टायरगाड्या फडाकडे निघतात, दिवसभर तोड आणि मोळ्या बांधणे चालते, संध्याकाळी गाडी भरून वजनकाट्याच्या रांगेत उभी राहते. या साऱ्या चक्रात मुले कुठे असतात, हा प्रश्न आमच्या शाळेच्या भिंतीपासून चालत दहा मिनिटांवर होता आणि कितीतरी वर्षे आमच्या सूचना वहीत त्याचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता.

तो उल्लेख आला तो सहा वर्षांपूर्वी. त्या डिसेंबरमध्ये थंडी कडक होती आणि आमच्याच एका सहकाऱ्याने सुचवले की मुलांकडून जुने उबदार कपडे गोळा करून त्या कोप्यांच्या तळावर वाटावेत. सूचना मीच लिहिली. ‘ऊसतोड कामगारांच्या गरीब व गरजू मुलांच्या मदतीसाठी प्रत्येकाने एक तरी चांगल्या स्थितीतील स्वेटर, शाल अथवा कानटोपी आणावी,’ असे ते वाक्य आहे आणि आजही त्या पानावर आहे. मुलांनी मन लावून कपडे आणले. आयांनी ते धुऊन, घड्या घालून दिले. शनिवारी सकाळी आम्ही तळावर गेलो, तिथल्या मुलांना रांगेत उभे केले, प्रत्येकाला एक कपडा दिला, छायाचित्रे काढली आणि परत आलो. परत येताना आमची मुले फार आनंदात होती आणि त्यांचा आनंद खोटा नव्हता.

त्याच महिन्यात तळावरची काही मुले आमच्या शाळेत दाखल झाली होती. त्यांतील एक मुलगी सहावीत, माझ्याच वर्गात होती. अंगाने बारीक, बोलायला कमी, परंतु कविता एकदा ऐकली की चालीसकट पाठ म्हणणारी. सोमवारी ती राखाडी रंगाचा, समोर लाल पट्टा असलेला स्वेटर घालून आली. पहिल्या बाकावरच्या मुलीने तो ओळखला. ‘बाई, हा माझा स्वेटर आहे,’ असे ती म्हणाली. त्यात कुत्सितपणा नव्हता, उलट आपली वस्तू उपयोगी पडल्याचा आनंदच होता. तरीही वर्ग वळून बघू लागला. त्या मुलीने काही उत्तर दिले नाही. उभी राहून तिने स्वेटर डोक्यावरून काढला, बाकावर ठेवून त्याच्या बाह्या आत दुमडल्या, नीट चौकोनी घडी केली आणि पहिल्या बाकावर नेऊन ठेवली. मग जागेवर येऊन हातांची घडी घालून बसली. त्या खोलीला उत्तरेकडून खिडक्या आहेत आणि डिसेंबरात दुपारपर्यंत तिथे ऊन येत नाही. मी तिला माझी शाल देऊ केली, ती तिने घेतली नाही. दिवसभर ती तशीच बसली आणि दुसऱ्या दिवशी आली नाही. पुढचे आठ दिवस आली नाही.

नवव्या दिवशी मी एकटी तळावर गेले. तिची आई कोपीपुढे चुलीला पाचटाचा जाळ लावत होती. तिने मला बसायला पोते अंथरले. स्वेटरविषयी ती चकार शब्द बोलली नाही. कदाचित मुलीने घरी सांगितलेच नसावे. तिने आपली अडचण सांगितली. ‘बाई, पोरीला साळंत धाडायला मला काय नको हाय का? पर धाकल्याला कोण बघंल?’ धाकटा दोन वर्षांचा होता आणि आमच्यासमोरच तो त्या मुलीच्या कडेवर होता. एका प्रश्नासाठी गेलेली मी दुसराच प्रश्न घेऊन परत आले. आम्ही कपडे वाटले होते; तुम्हाला कशाची गरज आहे, असे मात्र आम्ही विचारलेच नव्हते.

पुढचे सारे बदल हळूहळू झाले आणि ते मोठे आहेत असा माझा दावा नाही. पहिली गोष्ट, वापरलेले कपडे वाटण्याचा उपक्रम आम्ही बंद केला. दुसरी गोष्ट, तळावर गेल्यावर छायाचित्र काढायचे नाही, असा नियम शिक्षकांच्या सभेत ठरवून घेतला. याला थोडा विरोध झाला, कारण अहवालाला छायाचित्रे जोडावी लागतात. मुख्याध्यापकांनी अहवालात फक्त मजकूर पाठवण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि तो विषय संपला.

तिसरी गोष्ट दाखल्यांची. टायरगाडीवाल्यांचा तळ कारखान्याजवळ हंगामभर एकाच जागी राहतो, तर ट्रॅक्टर-ट्रकच्या टोळ्या फडाप्रमाणे गावे बदलत फिरतात, हा फरक मला कोणत्याही प्रशिक्षणात सांगितला गेला नव्हता. तो त्या आईने मला समजावला. तळ एका जागी असेल तर मुले चार-पाच महिने सलग शाळेत येऊ शकतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 6 ते 14 वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. गावाकडच्या शाळेने शिक्षण हमी पत्रक दिलेले असेल तर काम आणखी सोपे होते, कारण मूल कोणत्या इयत्तेत आहे आणि त्याला काय येते हे त्यावर कळते. कायदा सरळ आहे. अडचण असते ती तळावर जाऊन हे सांगणाऱ्या माणसाची. आता हंगामाच्या पहिल्या आठवड्यात आमचे दोन शिक्षक आणि आठवी-नववीची सहा मुले-मुली संध्याकाळी तळावर जातात आणि कोपीकोपीत विचारून मुलांची नावे, इयत्ता आणि गावची शाळा एका वहीत लिहून आणतात. या वर्षीची ती फेरी येत्या गुरुवारी आणि शुक्रवारी आहे. धाकट्या भावंडांसाठी गावच्या अंगणवाडीच्या ताईंशी बोलणे झाले आहे. मागच्या दोन हंगामांत त्यांनी तळावरची लहान मुले सांभाळून घेतली म्हणूनच चार थोरल्या बहिणी शाळेत बसू शकल्या. त्या ताईंचे नाव कोणत्याही फलकावर लागलेले नाही.

ज्या उपक्रमाविषयी मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते तो रेडियमच्या पट्ट्यांचा. हंगामात आमच्या रस्त्यांवर रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलांच्या टायरगाड्या सतत चाललेल्या असतात. ट्रॉलीला मागचा दिवा नसतो किंवा असून बंद असतो, आणि बैलगाडीला तर तो कुठून असणार? मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला समोर ऊस आहे हे अगदी जवळ गेल्यावरच दिसते. असे अपघात आमच्या गावाने पाहिले आहेत. आमच्या शाळेची मुले सायकलवरून संध्याकाळच्या जादा तासांहून याच रस्त्याने घरी जातात. म्हणून जानेवारीतील रस्ता सुरक्षा अभियानात घोषणांची फेरी काढण्याऐवजी गाड्यांना परावर्तक पट्ट्या लावायच्या असे तीन वर्षांपूर्वी ठरले. मागे लाल, पुढे पांढरी, बाजूंना पिवळी. मुलांनी चौकात उभे राहून, चालकांची परवानगी घेऊन, ट्रॉल्यांच्या फाळक्यांवर पट्ट्या चिकटवल्या.

दोन दिवसांनी सातवीतला, तळावरून येणारा एक मुलगा मधल्या सुटीत शिक्षक खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. बराच वेळ तो काही बोलेना. मग म्हणाला, ‘बाई, ती पट्टी काय दिसत न्हाई. गाडी भरली की ऊस फाळक्याच्या खाली लोंबतो. झाकून जाती सगळी.’ आम्ही पट्ट्या लावल्या होत्या त्या रिकाम्या ट्रॉल्यांना. भरलेली गाडी मागून कशी दिसते याचा विचार आमच्यापैकी कुणीही केला नव्हता, आणि तो मुलगा मात्र भरल्या गाडीच्या मागे चालत लहानाचा मोठा झाला होता. उपायही त्यानेच सांगितला. खताच्या रिकाम्या पोत्याची हातभर रुंद पट्टी कापायची, तिच्यावर रेडियम शिवायचे, दोन टोकांना दोरी बांधायची आणि गाडी भरून झाल्यावर शेवटच्या मोळ्यांच्या बुडख्यांना ती बाहेरून आवळायची. काट्यावर ऊस उतरला की सोडून घ्यायची आणि दुसऱ्या खेपेला पुन्हा बांधायची. कार्यानुभवाच्या तासाला त्याने आमच्या नववीच्या मुलांना ती गाठ शिकवली. मोळी बांधताना उसाच्या वाढ्याला, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पानांना, जो पीळ देतात त्याच पद्धतीची ती गाठ आहे; ओढली की घट्ट बसते आणि एका हाताने सुटते. नववीतली उंच मुले त्याच्याभोवती वाकून बघत होती आणि तो बाकावर दोरी धरून ‘असं न्हाई, उलट्या अंगानं फिरवा’ असे सांगत होता. माझ्या नोकरीतला तो तास मी विसरणार नाही.

या वर्षी शंभर पट्ट्या शिवायच्या आहेत. पोती शेतकरी पालक देणार आहेत, शिवण्याचे काम गावातील बचत गटाच्या महिलांनी आणि आमच्या आठवीच्या वर्गाने वाटून घेतले आहे. रेडियमचा खर्च मात्र रोखीचा आहे आणि तो कसा उभा करायचा यावर परवाच्या सभेत बराच वेळ चर्चा झाली. एखाद्या मोठ्या देणगीदाराकडे जाणे सोपे होते. तसे केले नाही, याला कारण आमच्याच जिल्ह्यात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेव्हा निरनिराळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, आपला स्वयंपाक आपण करत आणि श्रम करून शिकत. तिथले धान्य खेड्यापाड्यांतल्या घरांतून गोळा केलेले असे. मुलांची उपासमार होऊ नये म्हणून कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रसुद्धा मोडले, हे साताऱ्यातील प्रत्येक शाळेत सांगितले जाते. 1927 मध्ये गांधीजींनी त्या वसतिगृहाला भेट दिली. या इतिहासाची आठवण आम्ही भाषणांतून दरवर्षी काढतो. या वेळी ती हिशेबाच्या वहीत काढायचे ठरले आहे. प्रत्येक वर्गाने शाळेच्या मागच्या वाफ्यात मेथी-कोथिंबीर लावली आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवडी बाजारात मुले ती स्वतः विकतील आणि आलेले पैसे या कामाला जातील. तळावरच्या मुलांनाही एक वाफा दिला आहे. त्यांची मेथी इतरांच्या आधी उगवून आली आहे, कारण त्यांनी वाफा भुसभुशीत करून त्यावर पाचट अंथरले होते.

यावर सर्वच पालक खूश आहेत असे नाही. मागच्या सभेत एका पालकांनी स्पष्ट विचारले की मुलांना शाळेत शिकायला पाठवतो की भाजी विकायला. त्यांचा मुलगा नववीत आहे आणि पुढच्या वर्षी त्याची बोर्डाची परीक्षा आहे. त्यांची काळजी मी समजू शकते. हंगामी उत्पन्नावर घर चालवणाऱ्या बापाला मुलाच्या गुणांखेरीज दुसरा आधार दिसत नाही, यात त्याचा दोष नाही. आम्ही दहावीला या सर्व कामांतून वगळले आहे, प्रत्येक उपक्रमाला आठवड्यातून दोनपेक्षा जास्त तास द्यायचे नाहीत असे ठरवले आहे, आणि आठवीच्या गणिताच्या शिक्षकांनी बाजारातील हिशेबच नफा-तोट्याच्या प्रकरणासाठी घेतला आहे. तरीही माझे मत सांगायचे तर, ज्या मुलाला आपल्या रस्त्यावरून जाणारा ऊस कोण तोडतो हे पंधराव्या वर्षापर्यंत ठाऊक नाही, त्याच्या शिक्षणात मला मोठी उणीव वाटते.

बाकीचे उपक्रम थोडक्यात सांगते. 7 डिसेंबरच्या ध्वजनिधीसाठी मुले गावात फिरतील. सातारा जिल्ह्यात असे गाव विरळा जिथे सैन्यातला एकही माणूस नाही, त्यामुळे तिथे समजावून सांगावे लागत नाही. 26 जानेवारीला माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने रक्तदान शिबिर आहे. रक्तदात्याचे वय किमान 18 आणि वजन किमान 45 किलो लागते, त्यामुळे आमची मुले रक्त देऊ शकत नाहीत. नोंदणीचे टेबल, पाणी, खाऊ आणि रक्तदान करून उठलेल्या माणसाला थोडा वेळ बसवून ठेवणे ही कामे त्यांची. पुरुषांनी तीन आणि महिलांनी चार महिन्यांचे अंतर ठेवायचे असते, म्हणून मागच्या खेपेची यादी काढून दात्यांना आधीच निरोप गेले आहेत. जूनमध्ये लावलेल्या झाडांसाठी वेगळा कार्यक्रम नाही, कारण झाडाला कार्यक्रम नव्हे, मे महिन्यात पाणी लागते. शाळेच्या कुंपणालगतच्या सात घरांनी एकेक ओळ वाटून घेतली आहे.

आता 3 जानेवारीविषयी. सावित्रीबाईंचा जन्म 1831 मध्ये नायगावचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला. दरवर्षी मुली नऊवारी नेसून, कपाळावर आडवी चिरी रेखून सावित्रीबाई होतात, भाषणे पाठ करतात आणि मला ते दृश्य आवडते. परंतु 1897 च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात गेल्या आणि त्याच रोगाने 10 मार्चला त्यांचा मृत्यू झाला, हे वर्गात सांगताना मला दरवर्षी ती आठ दिवस न आलेली मुलगी आठवते. या वर्षी जयंतीचा कार्यक्रम तळावर करावा आणि प्रमुख पाहुण्या तिथल्याच एक बाई असाव्यात, असे मी सुचवले. या बाई सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत आणि त्यांच्या टोळीत कुणाच्या गाडीने किती टन भरले, उचलीतून किती फिटले, खाडे किती झाले, हा सगळा हिशेब त्याच लिहून ठेवतात. काट्याची पावती आणि मुकादमाची वही यांत फरक निघाला तर टोळीतली माणसे त्यांच्याकडे येतात.

मी निमंत्रण द्यायला गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला तो वेळेचा. सकाळी अकरा वाजता कार्यक्रम म्हणजे त्यांचा आणि जोडीदाराचा खाडा. हे माझ्या लक्षातच आले नव्हते. अशा चुका माझ्याकडून अजूनही होतात. मग रात्री साडेसातची वेळ ठरली, गाड्या काट्यावरून परतल्यानंतरची. शाळेतून ध्वनिक्षेपक न्यायचा नाही, कारण दमलेली माणसे लवकर झोपतात. आमच्या घरांतून भाकरी, पिठले आणि वांग्याचे भरीत जाईल. त्यावर त्या बाई म्हणाल्या की जेवण तुमचे असेल तर गाणी आमची. तळावरच्या बायकांना जात्यावरच्या ओव्या येतात. त्यांच्या आयांनी दळताना म्हटलेल्या. आता जाते कुणाच्याच घरी नाही, तरी ओव्या आहेत. आमच्या नववीच्या मुली त्या रात्री वह्या घेऊन बसतील आणि ऐकून लिहून घेतील, गावाचे नाव आणि म्हणणारीचे नाव तिच्या परवानगीने खाली टिपतील, आणि 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या भित्तिपत्रकात त्या ओव्या लावल्या जातील. मराठीच्या पाठ्यपुस्तकात लोकसाहित्याचा पाठ मी तेवीस वर्षे शिकवला. ते साहित्य दहा मिनिटांच्या अंतरावर जिवंत होते हे मला एवढ्या उशिरा कळले.

ती मुलगी आता बारावीला असेल. पुढच्या दोन हंगामांत ती पुन्हा आमच्या शाळेत आली, मग तिच्या आईवडिलांनी दुसऱ्या कारखान्याची उचल घेतली आणि संपर्क तुटला. शेवटच्या वर्षी जाताना तिने मला तिची कवितांची वही दाखवली होती. पाठ केलेल्या कविता तिने सुवाच्य अक्षरात उतरवल्या होत्या आणि मागच्या चार पानांवर तिच्या स्वतःच्या होत्या.

आज शेवटच्या तासाला 3 जानेवारीची सूचना लिहायला बसले. जुन्या वहीतले ते सहा वर्षांपूर्वीचे पान समोर उघडे ठेवले होते. ‘ऊसतोड कामगारांच्या गरीब’ इथपर्यंत हात सवयीने गेला, मग मी ते शब्द खोडले आणि खाली नव्याने लिहिले: ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त शनिवार, दिनांक 3 जानेवारी रोजी रात्री साडेसात वाजता कारखान्याजवळील तळावर कार्यक्रम होईल. तळावरील महिला ओव्या म्हणतील. इयत्ता नववीच्या विद्यार्थिनींनी वही व पेन आणावे. जेवण सर्वांनी एकाच पंगतीत घ्यायचे आहे. येताना प्रत्येकाने आपापले ताट-वाटी आणावी, जाताना घासून न्यावी. कोणीही मोबाइल आणू नये.’

शिपाईमामांनी सूचना एकदा वाचली, ‘बाई, पाण्याचं कसं करायचं? तळावरचा नळ सहाला जातो,’ असे विचारले, आणि मी शेवटी आणखी एक ओळ वाढवली. मग वही घेऊन ते पाचवी अच्या दाराकडे गेले.